मोटार धुण्याचे पाणी आणि धुणाऱ्याचा हात



मजूर चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने पगार, बोनस आणि संप यांविषयी बोलावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. आज आम्ही साबणाच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. आपल्या शहरांत पहाटे उठून दुसऱ्यांच्या मोटारी धुणारा एक मोठा वर्ग आहे. त्याच्या बादलीत काय कालवले आहे हे मोटारीच्या मालकाला बहुधा ठाऊक नसते, आणि हात बुडविणाऱ्यालाही नसते. ते कळण्यासाठी रसायनशास्त्रातला एकच अंक समजला तरी पुष्कळ काम होते.

तो अंक म्हणजे पीएच. मराठीत त्याला सामू म्हणतात. माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या तो परिचयाचा आहे. पाणी किती आम्ल, किती अल्क, हे मोजण्याची ही पट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसविली. पट्टी साधारणपणे ० ते १४ अशी आहे. शुद्ध पाणी मध्यावर, म्हणजे ७ वर. त्याखाली आम्लांचे राज्य : लिंबाचा रस २ च्या आसपास. त्यावर अल्कांचे : अंगाला लावायची साबणाची वडी ९ ते १०, धुण्याच्या सोड्याचे पाणी ११ च्या आसपास, आणि कॉस्टिक सोड्याचे कडक पाणी १३-१४.

यात एक मेख आहे. या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापटीची असते. ७ वरून १० वर गेलो की अल्कपणा हजारपट वाढतो. तसेच, कॉस्टिकच्या पाण्यात दहापट पाणी ओतले, तरी सामू जेमतेम एका अंकाने उतरतो. ‘पाणी जास्त घातले आहे, आता काही होत नाही,’ हा दिलासा म्हणूनच खोटा ठरतो.

हा अंक आपल्या आयाबहिणींना नावाने ठाऊक नसला तरी त्याचा व्यवहार ठाऊक होता. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तो अल्कामुळे. रेशमी शालू सोड्यात न बुडविता रिठ्याच्या पाण्यात धुवावा, हे शहाणपण त्याच जातीचे. कारण अल्काने रेशीम खराब होते. तांब्याचे भांडे चिंचेने लखलखते, ते आम्लामुळे.

आता मळ निघतो कसा ते पाहू. मोटारीवरचा मळ म्हणजे धूळ, काजळी आणि तेलाचा चिकट थर. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. असे पुष्कळ कण तेलाच्या थेंबाभोवती जमतात आणि त्याला पाण्यात ओढून नेतात. पाणी अल्क असले की तेलातील आम्ले फोडून त्यांचाच साबण होतो, आणि मळ लवकर सुटतो. घाईच्या धंद्यात सोडा का वापरतात, याचे उत्तर येथे मिळते.

परंतु मळाला जे सोडविते ते खालच्या वस्तूलाही सोडीत नाही. रंगावर राखणीसाठी चोळलेले मेण कडक अल्काने उतरू लागते. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट आणखी वेगळी : हा धातू कडक आम्लातही विरघळतो आणि कडक अल्कातही. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले सोड्याने काळे पडलेले आपण स्वयंपाकघरात पाहतोच. चाकाची रिम आणि चकचकीत पट्ट्या यांचीही तीच गत होते. शिवाय अस्सल साबण बोअरच्या जड पाण्यात घातला की चुन्याशी मिळून त्याचा साका होतो आणि काचेवर पांढरट पापुद्रा बसतो. म्हणून मोटारीचा चांगला शांपू साबणाचा नसतो. तो ज्या धावनद्रव्यांचा करतात ती ७ च्या आसपासही आपले काम करतात.

अशा सौम्य शांपूला थोडी साथ द्यावी लागते. आधी नुसत्या पाण्याने रेती वाहू द्यावी, नाहीतर फडकेच कानस बनते. सावलीत धुवावे, वरून खाली यावे, फडके पिळायला दुसरी बादली ठेवावी, आणि शांपू रंगावर वाळू न देता धुऊन टाकावा. सोडा जे झटपट करतो ते येथे पाच-दहा मिनिटे जादा घेते. ही मिनिटे कोणाच्या खिशातून जातात, हा मजुरीचा प्रश्न आहे.

कारण मोटारीच्या रंगाला जे सोसत नाही ते माणसाच्या कातडीला त्याहून सोसत नाही. निरोगी कातडीचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. रोज पहाटे तासन्‌तास अल्क पाण्यात हात राहिले की कातडीची स्निग्धता जाते, भेगा पडतात, भेगांत पाणी झोंबते. मोटारीला पुन्हा मेण लावता येते. हाताला मात्र रोजचीच बादली.

मात्र केवळ अंकावर विसंबूनही भागत नाही. गंज काढण्यासाठी आणि रिम उजळण्यासाठी काही द्रव्यांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. शास्त्राच्या भाषेत हे सौम्य आम्ल; सामूच्या कागदावर त्याची खरी ओळख पटत नाही. ते कातडीतून आत शिरते, पातळ असेल तर काही तास दुखतही नाही, आणि आत शरीरातील कॅल्शियमला जखडून टाकते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात मोटारी व ट्रक धुण्याच्या कामात या आम्लाने भाजलेल्या ४८ कामगारांची नोंद झाली. असे द्रव्य पोटात गेल्याने ट्रक धुणारा एक कामगार मरणही पावला. ही हकीकत २०१५ साली तेथील सरकारी आरोग्यपत्रिकेत प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना देण्याचे बंधन मालकांवर आले. पण इमारतीच्या आवारात बादली घेऊन उभा असलेला माणूस कोणत्या कारखान्यात मोडतो? त्याला कारखाना नाही, हजेरीपट नाही, आणि बाटलीवरची इंग्रजी अक्षरे त्याच्यासाठी लिहिलेली नाहीत.

म्हणून मोटार बाळगणाऱ्या श्रोत्यांना आमचे सांगणे आहे. शांपू आपण विकत आणून द्यावा, आणि तो सामू ७ च्या जवळचा आहे हे पाहून आणावा. रबरी हातमोजे द्यावेत. बिननावाच्या बाटलीतले द्रव्य आवारात येऊ देऊ नये. शंका आली तर कागदावर हळदीचा लेप वाळवून त्यावर बादलीतला एक थेंब टाकावा. तो लाल झाला तर पाणी अल्क आहे. आम्लाचा पत्ता मात्र हळद देत नाही. त्यासाठी बाटलीवरचा मजकूर वाचलाच पाहिजे. तो वाचून, ज्याचा हात त्या पाण्यात जाणार आहे त्याला मराठीत किंवा त्याच्या स्वतःच्या भाषेत समजावून सांगावा. याला खर्च काहीच नाही, आणि सांगितल्यावाचून तो त्याला कळण्याचा दुसरा मार्गही नाही.