दिवस गेला कुठे?

बाजारच्या दिवशी आपण पाचशेची नोट घेऊन घरून निघतो. संध्याकाळी परत येतो, तेव्हा खिशात चाळीस रुपये उरलेले असतात. मग ओट्यावर बसून आपण बोटे मोजू लागतो. तेलाचे इतके. कांद्याचे इतके. पोराच्या वहीचे इतके. चहाचे, एस.टी.चे. एवढे करूनही वीस रुपयांचा मेळ बसत नाही. घरातून आवाज येतो, "आठवा की नीट! कुठं सांडले?"

वीस रुपयांसाठी आपण एवढे डोके खाजवतो. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा सबंध दिवस खर्च झालेला असतो. त्याचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही रात्रीचे वर्ग चालवतो. चार दिवस कोणी आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारतो. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "गुरुजी, सवडच न्हाई बगा." हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच सवड मिळत नाही. पण सवड कोणी खाल्ली, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते शोधून काढायचा एक साधा उपाय या पाठात सांगतो. त्याला एक वही आणि एक पेन्सिल पुरे. आता तुम्हांला लिहिता येते, म्हणूनच हे सांगायचे.

काळ मोजणे आपल्याकडे नवे नाही. घड्याळे नव्हती, तेव्हा घटिकापात्र होते. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत शिरून वाटी बुडाली, की एक घटका झाली. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा एक दिवस. लग्नाची वेळ साधायला हे पात्र वापरत. लग्नाची घटका आपण सगळेच जपतो. बाकीच्या दिवसांच्या घटका मोजायचे मात्र राहून जाते.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९३६ पासून गांधीजी राहत होते. त्यांच्या कमरेला नेहमी एक घड्याळ लटकत असे. आश्रमातल्या माणसांनी रोजनिशी लिहावी, असा त्यांचा आग्रह असे. आपल्याला एवढी मोठी शिस्त नको. आपण तीनच दिवस लिहून पाहू.

वहीचे एक पान घ्या. डाव्या बाजूला वेळ लिहा. पहाटे ४ पासून सुरू करा. ४, मग साडेचार, मग ५, असे अर्ध्या अर्ध्या तासाने खाली या. दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत गेलात, की ४८ ओळी होतात. एका पानावर मावल्या नाहीत, तर दोन पाने घ्या. प्रत्येक ओळीसमोर त्या अर्ध्या तासात काय केले, ते एका शब्दात लिहायचे. सबंध शब्द लिहायला वेळ लागत असेल, तर एक अक्षर पुरे. झोपेला 'झो', शेताला 'शे', पाण्याला 'पा', गप्पांना 'ग', मोबाइलला 'मो'. खूण तुमची तुम्ही ठरवा.

एक गोष्ट मात्र पाळा. रात्री सगळे आठवून लिहू नका. रात्री आठवते ते मोठे काम. बारीकसारीक वेळ आठवत नाही, आणि गळती तर तिथेच असते. सकाळची न्याहारी झाली की तोवरचे लिहा. दुपारी जेवणानंतर लिहा. दिवेलागणीला लिहा. आणि तीन दिवस निवडताना सगळे सारखे निवडू नका. एक साधा दिवस घ्या, एक बाजाराचा घ्या, एक सणाचा किंवा पाहुण्यांचा घ्या.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. घरधनी, कारभारीण, म्हातारी आई, दोन मुले. तीन एकर रान, विहिरीत निम्मा वाटा, दोन म्हशी. घरधनी म्हणतात, "दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मी रानात राबतो." कारभारीण म्हणते, "मी काय, घरीच असते." दोघांनीही तीन दिवस वही लिहिली, असे समजा.

घरधन्यांच्या साध्या दिवसाचे पान आधी पाहू. झोप साडेसात तास. आंघोळ, चहा, जेवणे अडीच तास. धारा काढून डेअरीला दूध घालणे दोन तास. रानातले काम साडेपाच तास. रानात जाणे-येणे दीड तास. वायरमनची वाट पाहणे अर्धा तास. पार आणि चहाची टपरी अडीच तास. मोबाइल दोन तास. बेरीज करा, बरोबर २४ भरतात.

दिवसभर राबतो म्हणणाऱ्याच्या वहीत रान निघाले साडेपाच तास. घरधनी पहिल्यांदा रागावतील. "वही चुकली," म्हणतील. पण वही त्यांनीच लिहिली आहे. जाण्या-येण्याचा दीड तास पाहा. शेत फार लांब नाही. पण सकाळी ते पान्हा विसरले, म्हणून परत आले. दुपारी बियाण्याची पिशवी घरीच राहिली, म्हणून पुन्हा आले. दूध घालायला पाव तास लागतो, पण डेअरीपुढे गप्पांत पाऊण तास गेला. मोबाइलचे तर त्यांना खरे वाटेना. "मी कुठं बघतो? जरा एवढं-तेवढं." पण बऱ्याच मोबाइलच्या सेटिंगमध्येच आज किती वेळ फोन पाहिला, त्याचा आकडा मिळतो. ज्याला शंका असेल, त्याने शाळेत जाणाऱ्या पोराला विचारावे. ते पोर एका मिनिटात काढून दाखवील. तो आकडा बघून भले भले गप्प होतात.

आता कारभारणीचे पान. झोप सहा तास. स्वयंपाक आणि भांडी साडेचार तास. पाणी भरणे दीड तास. झाडलोट, शेणगोठा, धुणे अडीच तास. म्हशींची वैरण-पाणी दीड तास. रानात खुरपणी साडेचार तास. सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलांचे सारे मिळून दीड तास. पिठाच्या गिरणीपुढे रांग एक तास. आणि तिची स्वतःची आंघोळ व जेवण मिळून एक तास. इथेही बेरीज २४.

झोप, आंघोळ आणि जेवण सोडले, तर तिच्या पानावर १७ तास काम आहे. पार नाही, टपरी नाही, मोबाइल नाही. दुपारी पाठ टेकलेली नाही. "घरीच असते" म्हणणाऱ्या बाईच्या पानावर रान साडेचार तास आहे. घरधन्यांच्या रानापेक्षा ते फक्त एक तासाने कमी.

हे एका कल्पनेतल्या घराचे झाले. पण देशाची वहीसुद्धा लिहिली गेली आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वर्षभर देशात अशी पाहणी केली. १ लाख ३८ हजारांहून जास्त घरी माणसे गेली. त्यांनी आदल्या दिवसाचा हिशेब विचारला, तोही पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाने. आपल्या वहीची रीत तीच आहे. सहा वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यात धरले होते. त्यात असे दिसले की, शंभरातल्या ८१ बायका रोज घरकाम करतात, पुरुष मात्र शंभरात २६. ज्या बायका घरकाम करतात, त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. जे पुरुष करतात, त्यांची ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. तेव्हा बायकांची २८९ मिनिटे निघाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे उतरली, आणि पुरुषांचीही नऊ उतरली! ओझे एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेले, असे काही झालेले दिसत नाही.

आता वही घेऊन बसायचे ते भांडायला नाही. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचे. हे काम केलेच पाहिजे का? मीच केले पाहिजे का? दुसऱ्या कामाबरोबर होईल का? अगदीच सोडता येईल का? पैसा किती मिळाला, एवढाच प्रश्न विचाराल तर फसाल. म्हातारीला औषध देऊन तिच्याशी दोन शब्द बोलण्याचा कोणी पैसा देत नाही. पण तो वेळ काढून टाकण्यासारखा नाही. पोराचा अभ्यास घेण्याचा पैसा आज मिळत नाही. पाराचेही तसेच आहे. पारावर कांद्याचा भाव कळतो, कोणाचे औत मोकळे आहे ते कळते, माणसात माणूस राहतो. आम्ही पार सोडा म्हणणार नाही. पण अडीच तासांत भाव किती वेळ बोलला गेला आणि दुसऱ्याच्या घरच्या उखाळ्यापाखाळ्या किती वेळ, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

आपल्या घरधन्यांनी काय केले असते? गिरणी डेअरीच्या वाटेवरच आहे. दूध घालायला जाताना गाडीवर दळणाचा डबा टाकायचा, गप्पा होईतो दळण होते. कारभारणीचा रांगेतला एक तास वाचला आणि घरधन्यांचा काही गेला नाही. रानात लागणाऱ्या वस्तू रात्रीच दाराशी काढून ठेवायच्या. दोन खेपा वाचल्या. राहिले पाणी. बाईने डोक्यावरून आणायला दीड तास. घरधन्यांनी गाडीला दोन कॅन बांधून आणले, तर अर्धा तास. तेवढा मोबाइलमधून काढायचा.

इथे खरी अडचण येते, आणि ती वेळेची नसते. पारावरची मंडळी हसतात. "काय हो, आता पाणीपण तुम्हीच भरता का?" घरात म्हातारी कुरकुरते, "आमच्या वेळी न्हवतं बाई असलं." हसण्याला दिवसाचा हिशेब ठाऊक नसतो. घरधन्यांनी दोन्ही पाने म्हातारीला वाचून दाखवावीत. सुनेचे पान ऐकताना तिला स्वतःचे दिवस आठवतील. तिने तर जात्यावर दळले आहे.

दळण आणि पाणी मिळून कारभारणीला अडीच तास मोकळे झाले. तिने काय करावे? आमच्या मनात येते, वर्गाला यावे. पण ती पहिला एक तास झोपेला देईल. दुपारी अर्धा तास पाठ टेकेल. उरलेल्या एका तासात वर्ग. आम्ही म्हणतो, ठीकच केले. सहा तास झोपून १७ तास राबणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात, हे आम्ही वर्गात पाहतो.

अर्धा तास म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. रोजचा अर्धा तास वर्षाला १८२ तास होतो. आठ तासांचा एक रोज धरला, तर ते बावीस रोज झाले. एवढ्या वेळात एखाद्याचे मोडके कुंपण होते, एखादीचे शिवण शिकून होते. आणि हंगाम ध्यानात घ्या. पेरणी-काढणीच्या दिवसांत अर्धा तासही निघायचा नाही, तेव्हा ओढून काढू नका. उन्हाळ्यात एकदा वही लिहा, सुगीत एकदा लिहा. दोन्ही पाने वेगळी येतील.

एक इशारा देऊन ठेवतो. ही वही पहारा ठेवायला नाही. सुनेने दुपारी किती वेळ पाठ टेकली, हे सासूने लिहायचे नाही. गडी किती वेळ बसला, हे मालकाने लिहायचे नाही. ज्याची वही, त्यानेच लिहावी. दाखवायची की नाही, हेही त्यानेच ठरवावे. दुसऱ्याला दाखवायची म्हणून लिहिली, की माणूस टपरीच्या जागी 'शे' लिहितो. मग ती वही फाडून चूल पेटवायलाच बरी.

उद्यापासून सुरू करायचे असेल, तर आज रात्रीच ओळी आखून ठेवा. वही दाराच्या खुंटीला टांगा आणि पेन्सिल दोऱ्याने तिलाच बांधा. नाहीतर पेन्सिल शोधण्यातच पहिला अर्धा तास जाईल, आणि तोही लिहावा लागेल.