कुलूप दाराला, किल्ली चव्हाट्यावर

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली उतरला, की द्राक्ष बागाईतदाराची झोप उडते. बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी सोडायचे. पूर्वी त्यासाठी बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावे लागे. आता मोटर मोबाईलवरून सुरू होते. मळ्यातल्या घरावर आणि कांद्याच्या चाळीवर कॅमेरा बसला आहे, आणि नोकरीनिमित्त पुण्याला राहणारा मुलगा तिथून आईवडिलांवर लक्ष ठेवतो. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की मुलाला जे दिसते ते आणखी कोणाला दिसते?

बिनतारी कॅमेरा हा डोळा असलेला छोटा संगणकच असतो. घरातल्या वायफायवरून तो इंटरनेटला जोडलेला असतो. कारखान्यातून निघताना त्याला एक पासवर्ड दिलेला असतो आणि पुष्कळदा हजारो कॅमेऱ्यांना तो एकच असतो. बाजारातली सगळी कुलपे एकाच किल्लीने उघडतात असे कळले, तर आपण तसले कुलूप कपाटाला लावू काय?

याचा फटका जगाने २०१६ मध्ये पाहिला. 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमजवळ अशा ठरावीक नावांच्या आणि पासवर्डच्या साठाहून अधिक जोड्या होत्या. त्या एकेक लावून पाहत त्याने लाखो कॅमेरे आणि वायफायचे राउटर ताब्यात घेतले. अशा उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील 'डाइन' कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे यात राबले, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण अधिक लाजिरवाणे आहे. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवर विकली जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. वृत्तपत्रांतील माहितीनुसार तिथला पासवर्ड होता 'अॅडमिन१२३'!

घरातला धोकाही याच जातीचा आहे. सारे लग्नकार्याला गेले, घराला कुलूप आहे, हे दारावरचा कॅमेरा परक्यालाही सांगू शकतो. आणि कॅमेरा माजघरात लावताना तिथे दिवसभर वावरणाऱ्या सुनेला, सासूबाईंना कोणी विचारले होते काय?

देशात विकल्या जाणाऱ्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सुरक्षा चाचणी सक्तीची केली. परंतु भिंतीवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. पासवर्ड आजच बदला. त्यात मुलांची नावे किंवा फोन नंबर नकोत. कॅमेरा बसवून देणाऱ्या कारागिराला तो ठाऊक असेल, तर तो गेल्यावर पुन्हा बदला. वायफायचा पासवर्डही वेगळा ठेवा. कंपनीकडून येणारे अपडेट टाळू नका. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा नकोच. काही गैर आढळले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

या कामाला एक पैसा लागत नाही, रविवारची अर्ध्या तासाची सवड पुरते.