तीच नाव, नवं इंजिन

नवं घ्यायला पैसे नाहीत आणि जुनं मोडीत काढवत नाही. अशा वेळी सांगाडा तोच ठेवून इंजिन बदलायचं. नव्वदच्या दशकात ॲम्बॅसिडरच्या त्याच गोलसर बॉनेटखाली इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, ते याच विचारातून. गेल्या काही वर्षांत वाराणसीत हा विचार आधी रुळांवर आला, मग गंगेत उतरला.

डिझेल रेल्वे इंजिनांच्या तिथल्या कारखान्यात २२ डिसेंबर २०१७ ला काम सुरू झालं आणि ६९ दिवसांत, २८ फेब्रुवारी २०१८ ला, प्रत्येकी २६०० अश्वशक्तीच्या दोन जुन्या डिझेल इंजिनांचं १०,००० अश्वशक्तीचं जोड विद्युत इंजिन बाहेर पडलं. कौतुक करावं असंच हे काम. ही वाट मात्र फार पुढे गेली नाही. कारखान्याचा भर नवी विद्युत इंजिनं बांधण्यावर राहिला आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला ‘डिझेल’ शब्दही गेला.

गंगेतल्या नावांचं तसं झालं नाही. वल्ह्यांच्या जोडीला घाटांवर डिझेल आलं ते बहुधा शेतातल्या पाण्याच्या पंपाचं इंजिन नावेत बसवून. स्वस्त, दणकट, कुठेही दुरुस्त होणारं. पण पहाटेच्या गंगेवर त्याची धडधड आणि काळा धूर असह्य व्हायचा. २०२१ च्या सुमारास गेल कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून शेकडो नावा सीएनजीवर नेण्याचं काम सुरू झालं.

पेट्रोल गाडीला किट जोडलं की भागतं, इथे तसं जमणारं नव्हतं. डिझेल दाबाने पेटतं, त्याला स्पार्क प्लग लागत नाही. गॅसला ठिणगी हवीच. त्यामुळे इंजिनच बदलावं लागलं. नावाड्याने जुनं डिझेल इंजिन जमा करायचं, नवं मोफत घ्यायचं. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला नव्या इंजिनाचा खर्च पेलला नसता, म्हणून मला या योजनेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शिवाय सीएनजी हवेपेक्षा हलका. गळती झाली तर उघड्या नावेच्या तळाशी साठून राहत नाही.

खरी अडचण गॅस भरण्याची. पावसाळ्यात गंगा पायऱ्यांवर पायऱ्या गिळत वर चढते, काठावर पक्कं केंद्र टिकणार कसं? म्हणून राजघाटाजवळच्या खिडकिया घाटावर, म्हणजे आजच्या नमो घाटावर, तरंगतं केंद्र उभारलं; पाणी चढेल तसं तेही चढतं. पण ते शहराच्या उत्तर टोकाला. दक्षिणेकडच्या अस्सी घाटावरच्या नावाड्याला गॅससाठी सगळे घाट ओलांडून जायचं आणि प्रवाहाविरुद्ध परतायचं, त्यातच गॅस जाळायचा. पुढे दक्षिणेला रविदास घाटावर दुसरं तरंगतं केंद्र आलं, तेव्हा अस्सीकडच्या नावांची ही खेप वाचली.