चौक कोणी लिहायचा?

डहाणूत हल्ली कंटेनर म्हटलं की वाढवण बंदराचा विषय निघतो. ३० ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. पण मला सांगायचंय त्या कंटेनरला ना लोखंड लागतं ना धक्का. एखादा प्रोग्राम आणि त्याला चालायला लागणारं सगळं सामान एका गाठोड्यात बांधलं की सॉफ्टवेअरवाले त्याला कंटेनर म्हणतात. असे शेकडो कंटेनर यंत्रांच्या ताफ्यावर, म्हणजे क्लस्टरवर, वाटून द्यायचे आणि एखादा बंद पडला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, हे काम कुबरनेटिस करतं. गूगलने ते २०१४मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आता या ताफ्यात कोणी कशाला हात लावायचा, हे कसं ठरत असेल?

ते समजायला डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं वारली लग्न जितकं उपयोगी पडतं तितकं कुठलंही मॅन्युअल पडत नाही, असं माझं मत. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्या मधोमध पालघट देवी. चौक लिहायचा सवासिनींनी. लग्न लावायचं धवलेरीने, आपल्या गाण्यांनी. देवांना बोलवायचं भगताने. हा अधिकार अमुक नावाच्या बाईचा नसतो, सवासिनीचा असतो. भूमिका परंपरेने ठरलेली. या घरी ती कोण निभावणार, ते त्या लग्नापुरतं ठरतं. आणि चौक लिहिता येतो म्हणून सवासीण लग्न लावायला बसत नाही.

कुबरनेटिसमध्येही असेच दोन वेगळे कागद असतात. ‘रोल’मध्ये फक्त क्रियापदं आणि वस्तू: काय बघायचं, काय बनवायचं, काय बदलायचं, काय पुसायचं. त्यात माणसाचं नाव नसतं. ते येतं ‘रोल बाइंडिंग’मध्ये. या पद्धतीला आरबॅक म्हणतात, २०१७मध्ये, १.८ या आवृत्तीत, ती पक्की झाली. क्लस्टरचे ‘नेमस्पेस’ नावाचे कप्पे असतात आणि साधा रोल आपल्या कप्प्याबाहेर चालत नाही. लग्नघरातल्या भिंतीचा नियमही कागदाला लागू नव्हताच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी, पुरुष असूनही, १९७०च्या दशकापासून कागदावर, कापडावर चित्रं काढली आणि २०११मध्ये पद्मश्री मिळवली. लग्नाचा चौक सवासिनींकडेच राहिला.

उपमा इथे सोडू, कारण पुढचं जास्त चमत्कारिक आहे.

कुबरनेटिसकडे माणसांची यादीच नसते. हजारो यंत्रं हाकणाऱ्या या व्यवस्थेत ‘वापरकर्ता’ नावाची नोंद करायला खणच नाही! तुम्ही प्रमाणपत्र दाखवता, त्यावर मान्य सही असते, त्यात जे नाव लिहिलं असेल ते तुम्ही. काहीच दाखवलं नाही तर बहुधा ‘सिस्टिम:अनॉनिमस’ हे नाव मिळतं, निनाव्यालाही नाव. प्रत्येक विनंती एपीआय सर्व्हर नावाच्या एकाच दारातून जाते आणि दर वेळी नव्याने तपासली जाते. कोणता कंटेनर कोणत्या यंत्रावर जाईल हे ठरवणारा शेड्यूलर म्हणजे या ताफ्याचा मेंदूच. तोसुद्धा आपला रोल घेऊन त्याच दाराशी उभा राहतो.

दुसरं नवल म्हणजे आरबॅकमध्ये ‘नाही’ लिहिता येत नाही. फक्त ‘हो’ लिहायचं. जे लिहिलं नाही ते बंद. ‘एवढं सोडून बाकी सगळं’ अशी सोय नाही. ऐकायला सोपं, निस्तरायला अवघड. एकाला दोन वाटांनी परवानगी मिळाली असेल तर एक कागद फाडून भागत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘सिस्टिम:मास्टर्स’ हा गट. त्याला सगळं मोकळं, आणि ते कुठल्याही बाइंडिंगवर अवलंबून नाही. त्या गटाचं प्रमाणपत्र घेऊन कोणी नोकरी सोडून गेला, तर मुदत संपेपर्यंत ते चालतंच, कारण दिलेलं प्रमाणपत्र रद्द करायची सोय कुबरनेटिसमध्ये नाही. सही करणारी मूळ किल्लीच बदलावी लागते. म्हणून शहाणे लोक तो गट कोणाला देत नाहीत.

दार मात्र भोळं नाही. स्वतःकडे नसलेला अधिकार दुसऱ्याला वाटता येत नाही. तसा रोल बनवायला गेलात तर विनंती परत येते. फटी तरीही आहेत. पासवर्ड ज्यात ठेवतात त्या ‘सीक्रेट’ची नुसती यादी मागायची परवानगी दिली, तरी नावांसोबत आतला मजकूरही हाती येतो. एखाद्या कप्प्यात नवा कंटेनर चालवायची मुभा दिली, तर तो त्या कप्प्यातली सीक्रेटं आपल्या आत जोडून घेऊन वाचू शकतो. रोलच्या कागदावर ‘सीक्रेट’ हा शब्दही नसतो.

मग आपल्याला नेमकं काय करता येतं हे कळायचं कसं? त्यासाठी ‘ऑथ कॅन-आय’ ही आज्ञा आहे. हे पुसू का, ते बघू का, असं विचारायचं; उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याच्या नावाने विचारायचं तर ‘इम्पर्सोनेट’ हे क्रियापद तुमच्या रोलमध्ये असावं लागतं. स्वतःबद्दल विचारायची मुभासुद्धा एका रोलमधूनच येते. त्याचं नाव ‘सिस्टिम:बेसिक-यूजर’, आणि ओळख पटलेल्या प्रत्येकाला तो आपसूक मिळतो.