गाळाला खताची जोड हवी

गोमंतकाच्या स्वयंपाकघरात रोज शिजणारी भाजी बहुतांशी बेळगावकडून येते, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे नंदगड-खानापूर परिसरातील तळ्यांत साचणारा गाळ हा केवळ तेथील शेतकऱ्यांचा प्रश्न नव्हे. घाटाखालच्या आम्हा सर्वांच्या ताटाशी तो निगडित आहे.

उन्हाळ्यात तळे उपसून गाळ शेतात टाकण्याची रीत जुनीच. कर्नाटकात २००२ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने तळ्यांच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले. महाराष्ट्राने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आखली आणि २०२३ मध्ये अल्पभूधारकांना एकरी १५,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. हेतू स्तुत्य आहे. परंतु हिशेब मांडला जातो तो उपसलेल्या घनमीटरांचा; त्या गाळाची माती झाली की नाही, हे कोण पाहतो?

गाळ म्हणजे माती नव्हे. पाण्याखाली हवेवाचून पडलेला तो चिकण थर वाळला की त्याची ढेकळे होतात आणि मिरची-वांग्याची कोवळी मुळे त्यात गुदमरतात. त्यात कुजलेले शेणखत मिसळले, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येताच गाडला, म्हणजे गाळ रवाळ होतो, हवा खेळते, गांडुळे येतात. मग तोच गाळ तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत ओल धरून ठेवतो. अमेरिकेत इलिनॉय नदीतून उपसलेला गाळ २००४ साली शिकागोतील एका जुन्या पोलाद कारखान्याच्या उजाड जागेवर पसरून तेथे हिरवळ उगवण्यात आली.

आमच्या मांडवी-जुवारीचा गाळ याहून अवघड. त्यात मीठ असते. खाजनातील गाळ हवेत उघडा पडला की आम्लही तयार होते. तो आधी पावसाळ्यात धुऊन निघावा लागतो. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातील गाळात लोह व मँगनीज असते. खत धातूंना काही अंशी बांधून ठेवते, नाहीसे करीत नाही. आणि पालेभाज्या ते शोषून घेऊ शकतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अनुदान गाळाच्या वाहतुकीबरोबर खतालाही मिळावे. उपशापूर्वी गाळाची तपासणी होऊन तिचा निकाल शेतकऱ्याच्या हाती पडावा. सदोष गाळ भाजीच्या मळ्यात कदापि जाऊ नये. उसनवारी करून ट्रक भरणाऱ्या शेतकऱ्याचे पहिलेच पीक बसले, तर दुसऱ्या वर्षी तो गाळाकडे फिरकणार नाही, आणि तळे पुन्हा भरत राहील.