आठ वारांचा हिशोब : कमी खर्चात किल्टचा पूर्ण पोशाख

रायपूरच्या तेलीबांध्यातून हा भाग. भिलाईच्या एका ताईंनी विचारलंय, ‘मुलगा स्कॉटलंडमध्ये शिकतो. पदवीदानाला त्याला मित्रांसारखा किल्ट घालायचाय. शिक्षणाचं कर्ज अजून डोक्यावर आहे. तिथल्या किमती ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो. त्याला नाही म्हणायचं का?’

नाही म्हणू नका, ताई. पण कर्जात भरही घालू नका. हा पोशाख महाग आहे, कारण तो तिथे, तिथल्या मजुरीत, लोकरीच्या आठ वार कापडातून हाताने शिवला जातो. एकट्या किल्टलाच कित्येकशे पौंड पडतात, वर कोट, बूट, पिशवी वेगळी. यातलं कुठे पैसे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, एवढं कळलं की खर्च आवाक्यात येतो.

आधी ठरवा : भाडं की शिलाई

समारंभ एकच असेल तर भाड्याने घ्या. स्कॉटलंडच्या प्रत्येक मोठ्या शहरात किल्ट भाड्याने देणारी दुकानं आहेत. माप द्या, बुटांपासून बो-टायपर्यंत सगळा संच मिळतो, दुसऱ्या दिवशी परत करा. तिथली मुलंही लग्नाला, पदवीदानाला असंच करतात. त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा तिथेच नोकरीला राहणार असेल, तर हिशोब बदलतो. मित्रांची लग्नं, 25 जानेवारीची बर्न्स नाइट, ‘केली’ नावाचे समूहनृत्याचे कार्यक्रम, सगळीकडे हा पोशाख चालतो. तीन-चार वेळा भाडं भरण्यापेक्षा इथे एकदा शिवलेला परवडतो. पुढचं सगळं त्यासाठी.

एक पर्याय मात्र टाळा. पातळ छापील कापडाचा, वेल्क्रोचा, स्नेहसंमेलनासाठी विकतात तसला स्वस्त संच. तो स्वस्त दिसतो आणि पहिल्याच समारंभानंतर पडून राहतो.

हे सोंग नाही, वस्त्र आहे

का टाळा, हे समजायला थोडा इतिहास हवा. किल्टचा पूर्वज म्हणजे कमरेला पट्ट्याने बांधून उरलेला भाग खांद्यावर टाकायचं लांबलचक लोकरी वस्त्र. आपल्या धनगराच्या घोंगडीसारखंच, दिवसा अंगावर, रात्री पांघरायला. 1745 चं जॅकोबाइट बंड मोडल्यावर ब्रिटिश संसदेने 1746 च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. सूट फक्त सैन्यातल्यांना होती. बंदी उठली 1782 साली. म्हणजे छत्तीस वर्षं हा पोशाख राजरोस टिकला तो पलटणींमध्ये.

त्याच हायलँडर पलटणी पुढे आपल्याकडे आल्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर इंग्रजांच्या बाजूने 74वी आणि 78वी हायलँडर पलटण उभी होती. आपलं रायपूर तेव्हा याच भोसल्यांच्या राज्यात होतं. पुढे हिंदी पलटणींनी स्कॉटिश पलटणींकडून पाइप घेतले. आजही आपल्या पायदळातल्या पाइप बँडचे बहुतेक पाइपर पँट घालतात, पण खांद्यावरचं चौकड्याचं वस्त्र तिथूनच आलेलं आहे.

परक्याने हा पोशाख घातला तर त्यांना राग येतो का? नाही. नीट घातला तर आनंदच होतो. आपल्याकडे परदेशी पाहुण्याने लग्नात फेटा नीट बांधला तर आपल्याला वाटतं, तसंच. चौकड्याला ‘टार्टन’ म्हणतात. काही टार्टन विशिष्ट घराण्यांची म्हणून ओळखली जातात, पण त्यांचा पहारा कुणी करत नाही. तरीही संकोच वाटत असेल तर ‘ब्लॅक वॉच’ निवडा. गडद निळा, काळा, हिरवा. हे मूळचं सैन्याचं टार्टन आहे, कुणाही माणसाला चालतं आणि काळ्या कोटाबरोबर शोभतं.

दहा रुपयांची वाटणी

समजा तुमच्याकडे दहा रुपये आहेत. माझ्या हिशोबाने पाच रुपये किल्टचं कापड आणि शिलाई. दोन रुपये कोट-वेस्टकोट. दीड रुपया पुढची पिशवी. एक रुपया मोजे. आठ आणे पिन, बकल, इलॅस्टिक. बूट शून्य, शर्ट शून्य, टाय शून्य, कारण ते घरात आहेत. लोक नेमकं उलट करतात. चकचकीत पिशवी आणि नकली खंजीर यांवर पैसे उडवतात आणि किल्ट पातळ घेतात. किल्ट पातळ असला की बाकीचं कितीही चांगलं असो, झाकत नाही.

कापड : वजन, वीण, चौकडा

पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं. आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. पण घाबरू नका, हे आठ वार एकेरी पन्ह्याचे. सुटिंगचं कापड साधारण 58 इंच पन्ह्याचं येतं. ते लांबीत मधोमध कापलं की 29 इंचांच्या दोन पट्ट्या होतात. म्हणजे 4 मीटर कापड घेतलं की 8 मीटर मिळाले, आठ वारांपेक्षा थोडे जास्तच. कापडाचा मूळ काठ किल्टच्या खालच्या बाजूला ठेवायचा, त्यामुळे खाली दुमडून शिवावं लागत नाही. दोन पट्ट्यांचा जोड चुणीच्या आत लपतो. त्यासाठी दुसरी पट्टी उलटी फिरवावी लागते, म्हणून चौकडा दोन्ही बाजूंनी सारखा असलेलाच घ्या.

तेलीबांध्यापासून पंडरीचा कपडा बाजार लांब नाही. तुमच्या गावीही असा बाजार असेल. तिथे तीन गोष्टी बघा.

पहिली, चौकडा विणलेला हवा, छापलेला नको. कापड उलटून बघा. उलट बाजू फिकी दिसली तर ठेवून द्या. वीण तिरप्या रेघांची, म्हणजे ट्विल हवी.

दुसरी, वजन. किल्टचं मध्यम लोकरी कापड दुहेरी पन्ह्यात मीटरमागे साधारण 400 ग्रॅम भरतं. पँटचं नेहमीचं कापड त्याहून हलकं असतं. दुकानदाराला वजन विचारा आणि मिळेल त्यातलं जड घ्या. चुणी सरळ पडते आणि चालताना झुलते ती वजनामुळे. शुद्ध लोकर परवडत नसेल तर टेरीवूल घ्या. तेही नाही तर पॉलिएस्टर-व्हिस्कोस. तिकडचे स्वस्त किल्टही याच धाग्याचे असतात, आणि आपल्या भिलवाड्याचा तर तो मुख्य माल आहे. शाळेच्या गणवेशाचं चौकड्याचं कापड रंगाने बरोबर मिळतं, पण वजन तपासूनच घ्या.

तिसरी, चौकड्याचा आकार. चौकडा पूर्ण होऊन पुन्हा सुरू होतो ते अंतर मोजा. ते 6 ते 7 इंच असेल तर उत्तम. प्रत्येक चुणीत एक पूर्ण चौकडा दुमडला जातो, म्हणून चौकडा मोठा असला की तेवढ्याच कापडात चुण्या कमी बसतात.

अगदीच हात आखडता असेल तर पाच वारांचा किल्टही चालतो. त्याला दुहेरी पन्ह्याचं सव्वादोन-अडीच मीटर कापड पुरतं. चुण्या कमी येतात, पण जड कापडाचा पाच वार हलक्या कापडाच्या आठ वारांपेक्षा बरा दिसतो.

माप आणि शिलाई

टेलर निवडताना सुटाच्या मोठ्या दुकानात जाऊ नका. शाळेचे चुणीदार स्कर्ट किंवा बँडचे गणवेश शिवणारा कारागीर शोधा. चुणीचा हात त्याच्याकडे असतो.

मापं तीन. कंबर, पण पँटची नव्हे. किल्ट बेंबीच्या वर बसतो, तिथली. सीट, जिथे घेर सर्वांत जास्त. आणि लांबी, कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. गुडघ्यांवर बसून बघा, काठ जमिनीपासून जरासा वर राहिला पाहिजे.

आता टेलरला कागदावर हा हिशोब द्या. सीट 40 इंच असेल तर पुढचा सपाट पल्ला 19 इंच, मागे चुण्यांना 21. दर चुणी बाहेरून पाऊण इंच दिसणार, म्हणजे 28 चुण्या. चौकडा 7 इंचांचा असेल तर 28 गुणिले 7, म्हणजे 196 इंच चुण्यांत गेले. आठ वार म्हणजे 288 इंच. उरले 92. ते पुढच्या दोन पल्ल्यांना आणि कडेच्या आतल्या घड्यांना. दर चुणीवर चौकड्याची तीच रेघ आली की मागूनही कापड अखंड दिसतं. किल्टची खरी ओळख मागून होते.

चुण्या कमरेपासून सीटपर्यंत शिवायच्या, कमरेकडे थोड्या निमुळत्या. त्याखाली मोकळ्या सोडायच्या. आत कमरेला कोटाला घालतात तो कॅनव्हास. बांधायला चामड्याचे पट्टे आणि बकल. पोट वाढलं तर पट्टे सरकवता येतात, म्हणून किल्ट वर्षानुवर्षं टिकतो. शेवटी चुण्यांना कच्चे टाके घालून ओल्या कापडावरून कडक इस्त्री. इथे घाई करू देऊ नका.

कोट : नवा नको, जुना कापा

सर्वांत मोठी बचत इथे आहे. रात्रीच्या मेजवानीचा ‘प्रिन्स चार्ली’ कोट फक्त बो-टायबरोबर चालतो. ‘आर्गाइल’ कोट दिवसाही चालतो आणि रात्रीही, म्हणून आपण आर्गाइल करायचा. वडिलांचा किंवा काकांचा जुना काळा, साधा सुटाचा कोट घ्या. किल्ट उंच बसत असल्याने नेहमीचा कोट त्याच्यावर लांब पडतो आणि पुढची पिशवी झाकतो. टेलरकडून त्याची लांबी कमी करून घ्या आणि पुढची दोन्ही टोकं गोलाईत कापून घ्या. कापलेल्या तुकड्यांतून बाह्यांना रुंद कफ होतात. काळी बटणं काढून रुपेरी धातूची लावली की कोटाचं रूप पालटतं.

बंदगळा असेल तर तोही आखूड करून चालेल असं माझं मत. स्कॉटिश पोशाखात ‘माँट्रोज’ नावाचा उभ्या कॉलरचा आखूड कोट आहेच. आपला मुलगा आपला गळा ठेवून त्यांचा घेर नेसला, तर त्यात दोघांचाही मान राहतो.

बाकीचं सामान

पिशवीला ‘स्पोरन’ म्हणतात. किल्टला खिसे नसतात, म्हणून ती आली. फरची घेऊ नका. महाग असते, आणि प्राण्यांच्या कातडीला सीमेवर नियम आडवे येतात. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून काळ्या चामड्याची, झाकणावर तीन गोंडे असलेली साधी पिशवी करून घ्या. किल्टला घासणाऱ्या भागात साखळी लावू नका.

मोजे गुडघ्याखालपर्यंतचे, जाड, उभ्या रेघांच्या विणीचे. क्रीम किंवा गडद राखाडी. घरात आजीच्या हाताला सुया असतील तर यापेक्षा चांगलं काम तिला देता येणार नाही. मोजे धरून ठेवणारी, बाहेर टोकं दिसणारी पट्टी लागते. किल्टची लांबी कापून तीनेक इंचांची पट्टी उरते, त्यातून ती फुकटात होते.

बुटांसाठी लांब नाड्यांचे खास प्रकार आहेत. घेऊ नका. पॉलिश केलेले काळे ऑक्सफर्ड बूट कुणीही नाकारत नाही. पॉलिश मात्र आरशासारखं.

मोज्यात खोचतात त्या छोट्या सुरीशिवायही पोशाख पूर्ण असतो. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिथला कायदा तिला सूट देतो, पण विमानात हातातल्या सामानात ती चालत नाही. पैसे आणि डोकेदुखी दोन्ही वाचवा.

घालताना

वरचा पल्ला डावीकडून येऊन उजवीकडे संपतो. सपाट बाजू पुढे, चुण्या मागे. पिन फक्त वरच्या पल्ल्याला, दोन्हींतून घातली तर कापड फाटतं. पिशवी कमरेखाली चार बोटं. वेस्टकोट घातला तर कमरेचा रुंद पट्टा नको. टाय एकरंगी, चौकड्यातल्याच एखाद्या गडद रंगाची. बसताना साडी सावरतो तशा चुण्या मागून हाताने सारख्या करा आणि गुडघे जवळ ठेवा. प्रवासाला नेताना कच्चे टाके तसेच ठेवून किल्ट लांबीत गुंडाळा, घडी नको.

सैन्यात टर्नआउट म्हणजे किमती कपडे नव्हे. माप बरोबर, इस्त्री कडक, बूट चकचकीत, पाठ ताठ. यातलं एकही दुकानात विकत मिळत नाही, आणि म्हणूनच ते कमी पगाराच्या जवानालाही जमतं. ताई, तुमच्या मुलालाही जमेल.

क्रम लक्षात ठेवा. आधी माप, मग कापड, मग टेलर, मग घरातला जुना कोट. बाजारहाट सगळ्यात शेवटी. समारंभाच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करा, म्हणजे एक फिटिंग चुकली तरी दुसरीला वेळ राहतो. जय हिंद.