जाम झापलं!

ओरडणाऱ्यासाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. पण ओरडा 'खाणाऱ्या'चं काय?

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग. टार्गेट हुकलंय, एसी फुल्ल आहे, तरी तुम्हाला घाम फुटलाय. बॉस गेली वीस मिनिटं थांबलेला नाही. सुटका झाल्यावर कॉफी मशीनपाशी मित्र विचारतो, 'काय झालं रे आत?' तेव्हा तुम्ही 'बॉसनं टायरेड दिली' असं म्हणता? छे! तुम्ही म्हणता, 'जाम झापलं यार!'

(हे 'जाम' मुंबई-पुण्याचं. माझं जाम वेगळं. ते वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, नागपूर-हैदराबाद हायवेवर आहे. गावाचं नाव सांगितलं की ऑफिसात 'म्हणजे ट्रॅफिक?' हा जोक ठरलेला. असो.)

तर इंग्रजीत या प्रकाराला शब्दांची कमी नाही. टायरेड, डायट्राइब, हरँग, रँट, फिलिपिक... थिसॉरस उघडा, यादी संपत नाही. मजा आहे ती या शब्दांच्या जन्मकथांत. फिलिपिकचंच घ्या. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या डेमोस्थेनीसनं मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध सणसणीत भाषणं ठोकली, त्यावरून हा शब्द आला. तीनशे वर्षांनी रोममध्ये सिसेरोनं मार्क अँटनीवर चौदा भाषणं झाडली, त्यांनाही तेच नाव चिकटलं. अँटनीनं ते काही 'पॉझिटिव्हली' घेतलं नाही. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये सिसेरोचा खून झाला आणि त्याचं मुंडकं आणि हात रोममधल्या भाषणांच्या व्यासपीठावरच लटकवले गेले. सीनियरला फीडबॅक देणं तेव्हाही रिस्कीच होतं!

टायरेडचं मूळ इटालियन, ओढण्याचं आणि झाडण्याचं. म्हणजे आपल्या 'फैरी झाडणे'ची सख्खी बहीणच. डायट्राइब म्हणजे ग्रीकमध्ये मुळात नुसतं वेळ घालवणं, चर्चा करणं. (काही मीटिंगांना हा अर्थ आजही चपखल बसतो.) आणि 'स्कोल्ड' हा शब्द बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्काल्ड'वरून आला, म्हणजे कवी! पण ही गंमत फार टिकत नाही. इंग्लंडच्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' नावाचा एक गुन्हा होता, तोही फक्त बायकांसाठी. सतत भांडणाऱ्या बाईला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळायचे. ती शिक्षा केव्हाच मागे पडली, पण गुन्हा कायद्यातून गेला तो थेट १९६७ मध्ये. पुरुष बरसला की फिलिपिक, बाई बरसली की गुन्हा. आपल्या ऑफिसातही पुरुष बॉस 'स्ट्रिक्ट' असतो आणि बाई बॉस... पुढचं विशेषण तुम्हीच भरा.

या शब्दांत मला एक गोष्ट खटकते. ते जवळजवळ सगळे ओरडणाऱ्याचे आहेत. त्याची धार, त्याचा जोश, त्याच्या भाषणाची लांबी. समोर मान खाली घालून उभा असलेल्याचं काय झालं, ते त्यात नाही. (ड्रेसिंग-डाउन, टंग-लॅशिंग असे अपवाद आहेत, मान्य.) मराठी बघा. आपण ओरडा खातो, बोलणी खातो, शिव्या खातो. आपली खरडपट्टी निघते, बिनपाण्यानं हजामत होते, पाणउतारा होतो. न्हाव्याच्या दुकानापासून देवघरापर्यंत सगळी सोय आहे. फुलांची वाहायची ती लाखोली आपल्याला शिव्यांची वाहिली जाते, आणि उद्धार होतो तो खानदानासकट!

शिवाय यात ग्रेड आहेत. कानउघाडणी करणाऱ्याला तुमचं भलं हवं असतं. खरडपट्टीत चूक तुमचीच असते, फक्त डोस जास्त. पाणउताऱ्यात मात्र चूक नुसतं निमित्त असते, खरं टार्गेट तुम्ही. कॉर्पोरेटनं या सगळ्यांवर एकच स्टिकर चिकटवलंय: फीडबॅक.

हा फरक मला आमच्या जामच्या चौरस्त्यावर नीट कळतो. नागपूरहून आलेला रस्ता इथं फुटतो, एक हिंगणघाटकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. चुकीच्या गाडीत बसलेलं कुणी ना कुणी असतंच. मग कंडक्टरचा आवाज चढतो, 'काकाजी, पाटी नाही पाहत काय? हे चांद्याले चालली!' अख्खी गाडी ऐकते. पण बोलता बोलता तोच पिशवी खाली उतरवून देतो आणि मागच्या हिंगणघाट गाडीला हात करून थांबवतो. राग पाटीवरून असतो आणि 'काकाजी' शेवटपर्यंत 'काकाजी'च राहतात. ही खरडपट्टी. पाणउतारा नव्हे.

आता हा काही नुसता शब्दांचा खेळ नाही. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा, ऑनलाइन मीटिंगमध्ये ज्युनियर्सवर ओरडतानाचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि बँकेनं त्याला सस्पेंड केलं. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिकंदराबादच्या एका संस्थेच्या संचालकांवरचा खटला रद्द केला. वरिष्ठानं कामावरून दिलेली समज म्हणजे आयपीसीच्या कलम ५०४ मधला 'हेतुपुरस्सर अपमान' नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं. थोडक्यात, कामावरून झापलं तर पोलिसांत धाव घेऊन उपयोग नाही. मग उरतो एचआर. आणि तिथं नेमके शब्द लागतात.

हिंगणघाटची माझी एक मैत्रीण पुण्यात नोकरी करते. कंपनीचं नाव राहू दे. तिच्या पहिल्या मेलमध्ये एकच वाक्य होतं, 'माय मॅनेजर वॉज रूड.' एचआरचं उत्तर आलं, फीडबॅक पोचवू. बस्स. मग तिनं मला फोन केला. मी म्हटलं, इंग्रजी ठेव बाजूला, काय काय खाल्लंस ते मराठीत सांग. रिपोर्ट उशिरा दिला म्हणून तो बोलला, ते तिला मान्य होतं. पण अकरा जणांसमोर 'गावाकडच्या कॉलेजातून येणाऱ्यांचं असंच असतं' असं म्हणाला, तिथं सगळं बिनसलं. दुसऱ्या मेलमध्ये तिनं तारीख लिहिली, कोण कोण हजर होतं ते लिहिलं. कामाबद्दलचं बोलणं एका परिच्छेदात, तिच्याबद्दलचं दुसऱ्यात.

तीन आठवड्यांनी मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हटलं, दार लावून. अपमान अकरा जणांसमोर आणि सॉरी एकटीला, हा हिशेब काही तिला पटलेला नाही. तिसरा मेल लिहायला घेतलाय.